संथागाराचे दार : गिरणगावातील सांस्कृतिक संस्थांचा एक धडा

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे छोटेसे स्थानक आहे. मागील वर्षावासात धम्मप्रवचनाच्या निमित्ताने तेथे जाण्याचा योग आला. प्रवचन संपल्यावर एका तरुण उपासकाने उभे राहून प्रश्न विचारला, "सर, आपल्या भागात आता नव्या वसाहती उठत आहेत. कोठून कोठून माणसे येऊन राहिली आहेत. विहाराला लागून एक सांस्कृतिक सभागृह बांधावे असे आमच्या मनात आहे. ते आपल्या समाजापुरते ठेवावे की सर्वांना खुले करावे?" सभेत दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. कोणी म्हणाले, खुले केले की ते आपले राहत नाही. कोणी म्हणाले, बंद ठेवले की तेथे कोणी येत नाही. मुंबईच्या गिरणीत उमेद घालवून गावी परतलेले एक वृद्ध गृहस्थ तेवढे म्हणाले, "परळला आमच्या खोलीची भिंत ती शेजाऱ्याचीही भिंत होती. इकडचे गाणे तिकडे ऐकू जायचेच."

हा प्रश्न एका गावापुरता नाही. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि रायगड जिल्ह्याचा हा उत्तर भाग झपाट्याने बहुभाषिक, बहुधर्मी नगर होत आहे. अशा मिश्र वस्तीत बौद्धांच्या सांस्कृतिक संस्थांनी कसे वागावे, याचे उत्तर केवळ तर्काने काढण्याचे कारण नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. एक आधार पालि वाङ्मयात आहे, तर दुसरा मुंबईच्या गिरणगावात, जेथे कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील आपले आजे-पणजे पोटासाठी गेले. प्रस्तुत लेखात या दोन्हींचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

संथागार

पालि वाङ्मयात गणराज्यांच्या सभागृहाला 'संथागार' असे नाव आहे. मज्झिम निकायातील सेख सुत्तात कपिलवस्तूच्या शाक्यांनी बांधलेल्या नव्या संथागाराची हकीकत आली आहे. बांधकाम पुरे झाले होते, परंतु श्रमण, ब्राह्मण किंवा अन्य कोणीही मनुष्य त्यात अजून राहिला नव्हता. शाक्यांनी तथागतांना विनंती केली की, त्यांनी प्रथम त्याचा उपयोग करावा, मग आम्ही करू. त्यांनी बैठका अंथरल्या, पाण्याचा रांजण भरून ठेवला, तेलाचा दिवा लावला. तथागत मधल्या खांबाशी पूर्वाभिमुख बसले. भिक्खुसंघ पश्चिमेच्या भिंतीशी, तर शाक्य पूर्वेच्या भिंतीशी संघाकडे तोंड करून बसले. रात्र बरीच उलटेपर्यंत उपदेश झाला, आणि पुढील विवेचन आनंद स्थविरांवर सोपविण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संथागार हे विहार नव्हते. ते गणाचे कामकाज चालविण्याचे ठिकाण होते. शाक्यांनी ते संघाला दान दिले नाही, आणि संघानेही त्यावर हक्क सांगितला नाही. मालकी शाक्यांची, पण त्या भिंतींत पहिला शब्द उमटला तो धम्माचा, अशी ती व्यवस्था होती.

दीघ निकायातील संगीति सुत्तात हीच घटना पावा येथील मल्लांच्या नव्या संथागारात घडते. निगण्ठ नाथपुत्तांच्या निधनानंतर त्यांच्या अनुयायांत फूट पडून कलह माजला होता. तो दाखला समोर ठेवून सारिपुत्त स्थविरांनी संपूर्ण धम्म संख्याक्रमाने सांगितला, आणि सर्वांनी तो एकत्र म्हणावा, त्यावर विवाद करू नये, असे आवाहन केले. 'संगीति' या शब्दाचा अर्थच मुळी एकत्र गाणे, एकत्र म्हणणे असा आहे. वज्जींची अवनती होणार नाही अशी जी सात कारणे महापरिनिब्बान सुत्तात सांगितली आहेत, त्यांतील पहिली दोन वारंवार एकत्र जमणे आणि एकदिलाने जमणे, एकदिलाने उठणे, ही आहेत. सभागृहाचे प्रयोजन याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

आपल्या कोकणातही याचे पुरावे दगडावर कोरलेले आहेत. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांच्या शिलालेखांत माळी, वैद्य, लोखंडाचे व्यापारी अशा दात्यांचे उल्लेख आहेत. घाटमाथ्यावरील कार्ले येथील दात्यांत सुतार आहे, अत्तरांचा व्यापारी आहे आणि धेनुकाकटाचे यवनही आहेत. एकाच चैत्यगृहाचे खांब निरनिराळ्या धंद्यांच्या आणि देशांच्या माणसांनी उभे केले. चैत्य मात्र बुद्धाचाच राहिला.

एक वस्ती, वेगळे माठ

आता गिरणगावाकडे वळू. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड हा मुंबईचा गिरणी कामगारांचा टापू. येथे कोकणातला व घाटावरचा मराठा, महार, चांभार, मातंग, भंडारी, आगरी होता. उत्तरेकडचा मुसलमान विणकर आणि तेलंगणातला पद्मशालीही या धंद्यात होता. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी या नावाने त्या सर्वांस परिचित आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेत बिऱ्हाड, गाववाले, भजनी मंडळ आणि पुढे युवक मंडळ अशी सर्वांची सोय लागत असे.

या वस्तीचे केवळ गोडवे गाणे योग्य होणार नाही. गिरणीत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नसे. धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा इतरांना चालत नसे. त्या खात्यातच अधिक वेतन होते, हे विसरता कामा नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. पिण्याच्या पाण्याचे माठही वेगळे असत. एकत्र राहणे आणि समतेने राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे गिरणगावाने आपल्या पूर्वजांना रोज शिकविले. त्यांच्या सांस्कृतिक संस्था या अनुभवातून जन्मल्या.

दुसऱ्यांच्या छपराखाली, आपल्या हाताने

धम्माची पहिली ठिणगी या टापूत कशी पडली, ते आठवणे उद्बोधक ठरेल. १९०७ साली लोअर परळच्या डबक चाळीत राहणारा एक अस्पृश्य विद्यार्थी मॅट्रिक उत्तीर्ण झाला. त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्षस्थानी भंडारी समाजातील सुधारक सी. के. बोले होते. मराठा समाजातील शिक्षक व ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी या भेटीचे स्मरण केले आहे. निरनिराळ्या जातींची माणसे एका छोट्या सत्कारसभेत जमली नसती, तर ते पुस्तक त्या हाती कधी पडले असते, हे सांगणे कठीण आहे.

पुढे बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत असताना ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी दामोदर हॉलमध्ये सभा बोलाविली. त्या विचारविनिमयातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. दामोदर हॉल ही अस्पृश्यांची वास्तू नव्हती. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू, आणि गिरणी कामगारांची नाटके तेथे होत. सभेचे कार्यालय तेथेच होते. सभेने वाचनालय चालविले, तरुणांसाठी हॉकी क्लब काढला, १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. वाचनालय आणि खेळाचा संघ यांना चळवळीच्या पहिल्याच वर्षांत स्थान मिळाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या सभेची रचना आजच्या कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांत मेयर निसीम हे यहुदी, रुस्तुमजी जिनवाला हे पारशी, बौद्ध संस्कृत साहित्याचे अभ्यासक जी. के. नरिमन, तसेच डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आणि बाळ गंगाधर खेर यांचा समावेश होता. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः डॉ. आंबेडकर, आणि चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर होते. दार सर्वांसाठी उघडे होते, सल्ला आणि साहाय्य सर्वांचे घेतले जात होते, मात्र निर्णयाची सूत्रे बहिष्कृतांच्याच हाती होती. याचना आणि दुरावा यांच्या मधला हा मार्ग बाबासाहेबांनी हेतुपुरस्सर स्वीकारला होता, असेच म्हटले पाहिजे.

कुलाबा जिल्ह्याने तीन वर्षांतच याचा प्रत्यय घेतला. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेसाठी जागा मिळू नये असे प्रयत्न झाले, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण, आणि सोशल सर्व्हिस लीगचेच कार्यकर्ते. परळच्या सभागृहात जुळलेले धागे महाडच्या मंडपापर्यंत पोहोचले होते.

बहुजन विहार आणि एक नाटक

पालि अभ्यासकाला परळचे आणखी एक अगत्य आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९३७ च्या सुमारास परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभारला. हार्वर्ड, लेनिनग्राड येथे अध्यापन केलेल्या या विद्वानाने आपला विहार एखाद्या निवांत टेकडीवर नेला नाही, तो गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत नेला. 'बहुजनहिताय' चारिका करा, या तथागतांच्या आदेशाचे स्मरण त्या नावातच आहे.

कोसंबींनी 'बोधिसत्त्व' नावाचे नाटकही लिहिले. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही पारंपरिक कथा बाजूस ठेवून त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाला महत्त्व दिले. बाबासाहेबांच्या ग्रंथातही गृहत्यागाची मीमांसा याच दिशेने झालेली आहे. तिपिटकाच्या गाढ्या अभ्यासकाला आपले संशोधन रंगभूमीच्या द्वारा सांगावेसे वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तालपुटाचा प्रश्न

येथे एक शंका उपस्थित होईल. तथागतांनी नाट्य-गीतांना मान्यता दिली होती काय? संयुक्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या प्रमुखाची कथा आहे. लोकांना हसवून रिझविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे आपले पूर्वाचार्य सांगतात, याविषयी आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी उत्तर देण्याचे पुन्हा पुन्हा टाळले. अखेर ते म्हणाले की, प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, आणि नट त्या बंधनांत भर घालतो. तालपुट रडला. आपल्या धंद्याची निंदा झाली म्हणून तो रडला नाही, तर इतकी वर्षे आपली फसवणूक झाली म्हणून रडला. पुढे त्याने प्रव्रज्या घेतली, आणि थेरगाथेत त्याच्या नावावर मोठ्या ताकदीच्या गाथा आहेत. दुसरीकडे सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्वाने वीणेवर गायिलेल्या गीतात स्वर आणि तार यांचा मेळ उत्तम साधला आहे, अशी प्रशंसाही तथागत करतात. तेव्हा कलेला सरसकट विरोध नाही. कला प्रेक्षकाचे बंधन वाढविते की सैल करते, एवढीच कसोटी आहे.

आंबेडकरी जलशांनी ही कसोटी जणू नकळत स्वीकारली. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण गणातील देवतास्तुती आणि शृंगारिक गौळण यांना रजा दिली. संवाद, सवाल-जबाब आणि वग यांतून शिक्षण, स्वाभिमान आणि अंधश्रद्धेचा त्याग हे विषय आले. नाशिकचे भीमराव कर्डक यांचे जलसे या परंपरेत अग्रगण्य होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहिले. त्यांना अक्षरओळख झाली ती तेथेच, मोठ्या वयात. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, आणि त्यानंतर हजारो गीतांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडी धम्म पोहोचविला. ज्याला विद्यालयाने नाकारले, त्याला चाळीने कवी केले.

त्याच काळात माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये अण्णाभाऊ साठे वावरत होते. तेथेही महाराष्ट्रातले दलित आणि दक्षिणेकडील कामगार शेजारी शेजारी राहत. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक काढले. आंबेडकरी जलसा आणि लाल बावटा यांचे विचार एक नव्हते, त्यांत वादही होते. परंतु दोघांची माणसे एकाच मैदानात बसून एकमेकांचे कार्यक्रम ऐकत. म्हणूनच २ मार्च १९५८ रोजी दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन साम्यवादी अण्णाभाऊंच्या हस्ते झाले, याचे कोणाला नवल वाटले नाही. त्यापूर्वी दोनच वर्षे, २४ मे १९५६ रोजी, परळच्या नरे पार्कवर बुद्धजयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेण्याचा संकल्प जाहीर केला होता. तेही गिरणगावातले सर्वांच्या वापरातले मैदान होते.

स्वतःचे छप्पर

या इतिहासाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजार कायम टिकतोच असे नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल उसळली. तिच्या निषेधार्थ १० जानेवारीला निघालेल्या मोर्चावर परळ भागात वरून दगडी पाटा टाकण्यात आला, आणि दलित पँथरचे तरुण कार्यकर्ते भागवत जाधव मृत्युमुखी पडले. ज्या गॅलऱ्यांतून गाणी ऐकू येत, तेथूनच हे घडले. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही. वर्गणी आटली, आणि वर्गणीवर चाललेली कित्येक मंडळे व भजनमेळे विरून गेले.

वास्तूंचीही तीच गत झाली. दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. बी. डी. डी. चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि २०२५ मध्ये वरळीच्या काही कुटुंबांना नव्या घरांचा ताबाही मिळाला. मोठे घर मिळणे ही न्याय्य गोष्ट आहे, तिला विरोध असण्याचे कारण नाही. पण लांब गॅलरी गेली, आणि तिच्याबरोबर न बोलाविता भरणारी सभाही गेली.

दुसऱ्याचे सभागृह कधीही बंद होऊ शकते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी मुंबईत समाजाची स्वतःची वास्तू असावी यासाठी आग्रह धरला, आणि दादरला छापखान्याची व आंबेडकर भवनाची जागा उभी राहिली. २५ जून २०१६ च्या रात्री ते भवन पाडले गेले, तेव्हा उसळलेला संताप केवळ विटांसाठी नव्हता. स्वतःचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे त्या पिढीला पुन्हा उमगले.

उपसंहार

तर आपट्याच्या त्या तरुणाला काय उत्तर द्यावे? सभागृह अवश्य बांधावे, आणि त्याची मालकी व व्यवस्था आपल्याच हाती ठेवावी. बहिष्कृत हितकारिणी सभेचा तो दंडक आहे, आणि १९७४, २०१६ व २०२३ या वर्षांनी त्याची आवश्यकता पटवून दिली आहे. परंतु दार उघडे ठेवावे. नव्या वसाहतीतील मल्याळी, उत्तर भारतीय, आगरी, मुसलमान मुलांना वाचनालयात बसू द्यावे, तबल्याच्या वर्गाला येऊ द्यावे, त्यांचे नाटक आपल्या रंगमंचावर होऊ द्यावे. कोणते नाटक व्हावे, याची कसोटी कलावंताच्या जातीवरून न लावता तालपुटाला मिळालेल्या उत्तरावरून लावावी. द्वेष आणि मोह वाढविणाऱ्या कार्यक्रमाला, मग तो आपल्याच माणसांचा का असेना, नम्रपणे नकार द्यावा. आणि महिन्यातून एकदा तरी, कार्यक्रम असो वा नसो, सर्वांनी जमावे. संस्था इमारतीने टिकत नाही, वारंवार जमण्याने टिकते, असे वज्जींचे उदाहरण सांगते.

हे उत्तर मी त्या दिवशी सभेत एवढ्या विस्ताराने देऊ शकलो नाही. निघताना ते वृद्ध गृहस्थ स्थानकापर्यंत सोबत आले. सभागृहासाठी पाहिलेली जागा त्यांनी वाटेत दाखविली. "दार रस्त्याच्या बाजूला घ्या म्हणून मी पोरांना सांगितले आहे," ते म्हणाले. शाक्यांनीही आपल्या संथागारात दिवा लावून ठेवला होता. येणाऱ्याला वाट दिसावी, हेच त्याचे प्रयोजन होते.